विजेत पैसा घालायला लोक कचरतात, ते नेमकं कशाला?

फाईलबंद | शनिवार, रात्री १०:१४

परवा पुतण्याने विचारलं, "काका, देशात वीज आता भरपूर झालीय म्हणतात, मग आपल्या गावाला पंपाची थ्री फेज रात्रीच का?" उत्तर द्यायला बसलो, तासभर झाला तरी संपेना. शेवटी वहिनींनी ताटं मांडली. उरलेलं इथे लिहितो.

प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या एका संस्थेत माझी अकरा वर्षं गेली, त्यातली निम्मी वीज प्रकल्पांच्या फायली चाळण्यात. सौर प्रकल्पाची फाईल आली की नवीन मुलं ऊन किती, पॅनल कुणाचं, जमीन कुठली ही पानं आधी उघडतात. जुनी माणसं फाईल मागून उघडतात. तिथे वीज खरेदी करार असतो. वीज घेणार कोण? केंद्राची संस्था असेल तर चहा येतो. एखाद्या राज्याची खंगलेली वितरण कंपनी असेल तर प्रश्न येतात, व्याज वाढतं, आणि पुष्कळदा फाईल कपाटात जाते. माझं इथलं नाव तिथूनच आलंय.

देशाची स्थापित क्षमता, म्हणजे सगळे प्रकल्प मिळून एका वेळी जास्तीत जास्त बनवू शकतील ती वीज, २०२५ च्या सप्टेंबरात ५०० गिगावॅटच्या (गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) वर गेली. त्यातली निम्म्याहून थोडी अधिक कोळसा, वायू, तेल सोडून बाकीच्या स्रोतांची. २०२५ पर्यंतची सर्वाधिक मागणी ३० मे २०२४ ची, २५० गिगावॅट. म्हणजे कागदावर दुप्पट. पण सौर पॅनल रात्री शून्य असतं, म्हणून प्रत्यक्षात वापरलेल्या दर चार युनिटांतली जवळपास तीन अजून कोळशाचीच. 'भरपूर' आहे ती दुपारी.

तरी माझ्या मते खरी अडचण निर्मितीत नाही. आपण बिलाचे शंभर रुपये भरतो, ते वितरण कंपनीकडून पारेषण (लांबून वीज आणणाऱ्या मोठ्या तारा) आणि निर्मितीकडे, तिथून कोळसा, रेल्वे आणि आमच्या हप्त्यापर्यंत झिरपत जातात. सगळ्या साखळीला पैसा येतो तो एकाच नळातून, मीटरच्या. आणि तो नळ गळतो. सरकारने वितरण कंपन्यांना आजवर किती वेळा वर काढलं बघा: २००२-०३ मध्ये जुनी थकबाकी रोख्यांत बदलली, २०१२ मध्ये कर्जाची पुनर्रचना, २०१५ मध्ये 'उदय' (तिच्यात कंपन्यांचं पाऊण कर्ज राज्यांनी डोक्यावर घेतलं), आणि २०२१ मध्ये तीन लाख कोटींच्या वरची सुधारणा योजना. दर वेळी शेवटची म्हणून.

जून २०२२ मध्ये निर्मिती कंपन्यांचं वितरण कंपन्यांकडे जवळपास १ लाख ३८ हजार कोटींचं येणं थकलं होतं. मग केंद्राने नियम काढला की हप्ते बांधून घ्या, चुकलात तर वीज बाजार बंद. ऑगस्टमध्ये खरंच १३ राज्यांच्या कंपन्यांना बाजारातून वीज घ्यायला बंदी झाली. यादीत आपला महाराष्ट्रही होता! मला वाटतं, एवढ्या वर्षांत एवढा एकच उपाय नीट लागू पडला. थकबाकी भराभर खाली आली.

तर प्रश्न असा, की पैसा घालणारे कचरतात ते कशाला? माझं उत्तर आहे 'मीटरला'. तुमचं काय?

---

वाचक_मोड | शनिवार, रात्री १०:४०

वाचतेय. कुणीतरी 'इंधन समायोजन आकार' म्हणजे काय तेही सांगा. दर महिन्याला बिलात असतो आणि दर महिन्याला वेगळा असतो.

---

३३केव्ही | शनिवार, रात्री ११:५२

वाचक ताई, कोळसा महागला किंवा बाहेरून महाग वीज घ्यावी लागली, की तो फरक पुढच्या बिलांत वसूल करतात. पूर्वी दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगापुढे सुनावणी होऊन दर बदलेपर्यंत कंपनी तो फरक पोटात ठेवायची. पोटात ठेवून ठेवूनच पोट फुटलं.

फाईलबंद, तुम्ही २००२ पासून सुरुवात केलीत. मी जरा मागे नेतो. राज्य वीज मंडळात १९८४ ला लागलो, उपकेंद्रावर. १९९१ नंतर दिल्लीने ठरवलं की निर्मितीत खासगी पैसा आणायचा, आणि आपल्याकडे आलं एन्रॉन कंपनीचं दाभोळ. डिसेंबर १९९३ चा करार. आम्हा कनिष्ठांना तो वाचायला मिळणं शक्यच नव्हतं, पण गाभा सगळ्यांना ठाऊक झाला: वीज उचला न उचला, स्थिर आकार द्यायचाच, आणि हिशेब डॉलरमध्ये. आधी मंडळाची हमी, तिच्यावर राज्याची, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. १९९५ ला नव्या सरकारने करार रद्द केला, १९९६ ला पुन्हा केला, तोही आणखी मोठा. मे १९९९ ला ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला तो नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या इंधनावर. तेल चढलं, रुपया उतरला, युनिट सात रुपयांच्या वर गेलं. २००१ च्या मेमध्ये प्रकल्प बंद पडला. अंजनवेलला तो आजही उभा आहे, नाव बदलून.

मला त्यातून उमगलं ते तुमच्याहून थोडं वेगळं. पैसा आणणाऱ्याने धोका घ्यायलाच नकार दिला होता. इंधनाचा, रुपयाचा, मागणीचा, सगळा धोका मंडळावर. आणि मंडळाची बिलवसुली कशी होती ते मी खांबावरून बघत होतो. म्हणजे ज्याच्या खिशाला भोक, त्याच्याच खिशात सगळ्या हमीपत्रांच्या घड्या. तुमचा मीटर बरोबर आहे, पण नुसता मीटर नाही. भोक ठाऊक असून करार लिहिणारेही आहेत.

नंतर २००३ चा वीज कायदा आला, जून २००५ मध्ये मंडळाचे तुकडे झाले, महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. सोमवारी आम्ही त्याच खुर्चीवर, त्याच पंख्याखाली, फक्त पाटी नवी.

---

स्पष्टवक्ता | रविवार, सकाळी ७:०५

एवढं लांबण कशाला? शेतकऱ्यांना फुकट देता, तारांवर आकडे टाकून वीज चोरू देता, बिल आमच्यासारखे शहरातले भरतात. पूर्णविराम.

---

पाटपाणी | रविवार, सकाळी ९:३१

स्पष्टवक्ता साहेब, पूर्णविराम जरा लांब ठेवा, माझं वाक्य व्हायचंय.

मी शिरूर तालुक्यातला, पावणेपाच एकर. आमच्या फीडरला (उपकेंद्रावरून आमच्याकडे येणाऱ्या लाईनला) या आठवड्यात थ्री फेज रात्री साडेनऊ ते पहाटे साडेपाच. आठ तास म्हणायचे, त्यात दोनदा ट्रिप. बारं धरायला, पाणी द्यायला रात्री उसात जायचं म्हणजे एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, आणि मोबाईलवर मोठ्याने गाणी, बिबट्याला कळावं म्हणून. मागच्या वर्षी शेजारच्या पोराने डोळ्याने बघितला, बांधावर बसलेला. तुम्ही एक रात्र या. फुकटची वीज आहे, फुकट दाखवतो.

आता पैशाचं. माझी मोटार ३ एचपीची. बिलात वर्षानुवर्षं ५ लागली. मीटर होता, तो जळून किती वर्षं झाली आठवत नाही, तरी रीडिंग 'येत' होतं. अर्ज दिला, पोच आहे माझ्याकडे. असे माझ्या एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) अठ्ठावीस जण. न वापरलेली युनिटं आमच्या नावावर. मग ती गेली कुठे? गळतीत गेली, चोरीत गेली, पण कागदावर शेतीत गेली. शेतीचा वापर फुगवून गळती झाकतात हा आक्षेप आयोगापुढे किती वर्षांपासून आहे, ते ३३केव्ही काकांना विचारा.

एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत बिल माफ झालं, ४४ लाख पंपांचं. बरं वाटलं, खोटं का बोलू. पण त्या दिवसापासून वायरमनला आमच्याकडे यायचं कारणच उरलं नाही. पूर्वी वसुलीला तरी यायचा, तेव्हा त्याला धरून जंप, तारेचा जोड, बदलून घेता यायची. आता डीपी जळाली की आम्हीच वर्गणी काढतो, आम्हीच ट्रॅक्टरवर घालून नेतो.

माझा एक साधा प्रश्न आहे, कुणी जाणकाराने सांगा. दुसऱ्या विहिरीसाठी कोटेशन भरलंय, वीज जोडणी काही मिळत नाही, सौर पंप घ्या म्हणतात. दहा टक्के भरायचे. ५ एचपी घेऊ का थांबू?

---

ओतकाम | रविवार, सकाळी ११:१८

पाटपाणी, तुमच्या माफ बिलाचा काही हिस्सा माझ्या बिलात आहे, तरी तुमचं पटलं.

शिरोलीला माझी छोटी फाउंड्री. इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवर धातू वितळवणारी भट्टी. आमच्या धंद्यात कच्च्या मालाखालोखाल खर्च विजेचा. वीस वर्षं आम्ही रात्री वितळवलं, कारण रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे सवलत होती, शेवटी शेवटी दीड रुपया. सगळी शिफ्ट, कामगारांच्या खोल्या, त्यांचा डबा, सगळं त्या दीड रुपयाभोवती बांधलेलं. २०२५ च्या दर आदेशात रात्रीची सवलत गेली, दुपारी स्वस्त झाली, संध्याकाळी पाचनंतर महाग. कारण कळतं मला, सौर वीज दुपारी येते. पण वीस वर्षं एक सांगितलं म्हणून भट्टी तशी बसवली, आता उलट. त्यातही तो आदेश मार्चअखेर निघाला, चार-पाच दिवसांत आयोगानेच स्थगित केला, जूनअखेर नव्याने काढला. मी जून महिन्यात ग्राहकाला कास्टिंगचा दर काय देऊ?

मागे गच्चीवर सोलर टाकलं. तेव्हा हिशेब असा होता की दुपारी जास्त झालेली वीज खात्यात जमा ठेवायची आणि रात्री वापरायची. तो जमाखर्चाचा नियमही बदलला. बँकेचे हप्ते मात्र जुन्याच हिशेबाने चालू आहेत.

फाईलबंद, तुम्ही म्हणता गुंतवणूकदार मीटरला कचरतो. मी पण गुंतवणूकदारच आहे की, लहानसा. मी आयोगाच्या पुढच्या आदेशाला कचरतो.

---

स्पष्टवक्ता | रविवार, सकाळी ११:३०

@पाटपाणी, आकडेवाल्यांबद्दल बोललो, तुमच्याबद्दल नाही. रात्रीचं वाचून वाईट वाटलं.

पण उपाय मग साधा आहे. खासगी करा. दिल्लीत केलं, भिवंडीत केलं, गळती कुठल्या कुठे गेली.

---

दुपारचे_ऊन | रविवार, दुपारी ३:४७

खासगीकरणावर नंतर कुणी बोलेलच. मी तारांबद्दल लिहिते, कारण त्या कुणालाच दिसत नाहीत.

मी पुण्यातून एका सौर कंपनीचं ग्रिड जोडणीचं काम बघते. महिन्यातले दहा दिवस राजस्थानात, जैसलमेर, फलोदी. तिकडे प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. तो ज्या ७६५ केव्हीच्या, अतिउच्च दाबाच्या लाईनला जोडायचा, तिला चार वर्षं, कधी पाच. मार्ग, जंगल परवाने, मोबदला, आणि मोठे ट्रान्सफॉर्मर हवे तेव्हा मिळत नाहीत. म्हणजे लग्न ठरलं, मांडव पडला, वऱ्हाड आलं, रस्ताच नाही.

मग तात्पुरत्या परवानगीवर वीज सोडायची. लाईन भरली की सगळ्यात आधी आमची बंद. मार्च-एप्रिलच्या भर दुपारी, आकाश निरभ्र, पॅनलं धुऊन लख्ख, आणि कंट्रोल रूममधून फोन येतो: उतरवा. माझ्या समोरच्या स्क्रीनवर २४० मेगावॅटचा आकडा मिनिटा-मिनिटाला खाली येत शून्याला टेकतो. न बनलेल्या विजेचे पैसे कुणी देत नाही.

माळढोक पक्ष्याचंही सांगते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातमधल्या त्याच्या अधिवासात तारा जमिनीखालून न्या म्हटलं. ७६५ केव्ही जमिनीखालून नेणं म्हणजे अशक्यच म्हणा, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलून समिती नेमली. मधली तीन वर्षं कुणालाच कळत नव्हतं कुठून जायचं. मी सोलापूरची, नान्नजला लहानपणी माळढोक बघायला नेलं होतं आजोबांनी, दिसला नाही. त्यामुळे पक्ष्याच्या विरुद्ध एक शब्द बोलवत नाही मला. पण हा नकाशा जागा ठरवायच्या आधी टेबलावर हवा होता, नंतर नाही.

आणि सगळे राजस्थानातच का? ऊन चांगलं आहे हे खरंच. पण आंतरराज्य पारेषणाचा आकार सौर-पवन प्रकल्पांना माफ होता. जैसलमेरहून चाकणला वीज आणायला भाडं शून्य. मग महाराष्ट्रात महागडी जमीन कोण घेणार? ती पूर्ण माफी जून २०२५ अखेर संपली, आता टप्प्याटप्प्याने आकार लागेल. २०३२ पर्यंत पारेषणाला ९ लाख १५ हजार कोटी लागतील असा केंद्राचा आराखडा आहे. त्यातल्या बऱ्याच तारा केवळ त्या शून्य भाड्यामुळे लांबवर न्याव्या लागताहेत असं माझं मत. ऑफिसात हे बोलत नाही.

अजून एक. लिलाव होऊन गेले, दर ठरले, पण कुठलीही वितरण कंपनी खरेदी करारावर सही करत नाही असे ४० गिगावॅटच्या वर प्रकल्प अडकलेत. त्यांचंही चूक नाही म्हणा. २०१७ ला राजस्थानात भडलाला युनिटला २ रुपये ४४ पैसे आले, २०२० च्या डिसेंबरात गुजरातेत १ रुपया ९९. जो थांबला त्याला स्वस्त मिळालं. आता तर ते म्हणतात, दुपारची वीज नकोच, संध्याकाळची द्या.

---

३३केव्ही | रविवार, सायंकाळी ६:२०

ऊन ताई, संध्याकाळची वीज म्हटल्यावर आम्हा जुन्या लोकांना कोयनाच आठवते. १९६० मेगावॅट, बटण दाबलं की काही मिनिटांत हजर. पण पश्चिमेकडे सोडायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने बांधून दिलंय, ६७.५ टीएमसी, त्यामुळे ते पुरवून पुरवून वापरायचं. घाटघरला पाणी खाली सोडून पुन्हा वर चढवायची सोय २००८ पासून आहे, २५० मेगावॅट. आता सह्याद्रीत अशा प्रकल्पांच्या सामंजस्य करारांचा पाऊस पडलाय. सामंजस्य कराराने दिवा लागत नाही, एवढंच म्हणतो.

स्पष्टवक्ता, दिल्लीचं अर्धं खरं आहे. २००२ ला वितरण खासगी कंपन्यांकडे दिलं तेव्हा निम्मी वीज गळत होती, आता गळती एक आकडी आहे. मानलंच पाहिजे. पण दर वाढवायची वेळ आली की तिथला आयोग खर्च मान्य करायचा आणि दर मात्र तेवढा वाढवायचा नाही, फरक 'पुढे वसूल करू' म्हणून वहीत. त्याला नियामक मत्ता म्हणतात. नाव मत्ता, आहे उधारी. ती वाढत वाढत २७ हजार कोटींच्या वर गेली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की जुनी सात वर्षांत मिटवा आणि नवी साठत जाऊ देऊ नका, कुठल्याही राज्यात. म्हणजे कंपनी खासगी झाली, पण दराला हात लावायची भीती सरकारीच राहिली.

ओडिशाने तर देशात सगळ्यात आधी सुधारणा केल्या, १९९६ ला. १९९९ ला वितरण खासगी केलं, त्याच वर्षी चक्रीवादळ आलं, खांब भुईसपाट, अमेरिकन कंपनी दोन वर्षांत निघून गेली. वीस वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून.

भिवंडी मी जवळून पाहिली. जानेवारी २००७ ला फ्रँचायझी (वितरण चालवायला नेमलेली खासगी कंपनी) आली तेव्हा निम्म्याहून जास्त गळती होती. काही वर्षांत तिसऱ्या हिश्श्यावर आली. कसं? मीटर बदलले, उघड्या तारांच्या जागी केबल घातली, आणि पहिल्या दिवसापासून पोलीस बंदोबस्तात धाडी. हे आम्हालाही करता आलं असतं. आमच्या उपविभागात एकदा आकडे काढायला गेलो, दहा मिनिटांत कार्यालयात तीन फोन. चौथ्या फोनला आमचे साहेब स्वतःच म्हणाले, परत या. फ्रँचायझीला असे फोन येत असतील तर ते उचलत नसावेत.

आणि भिवंडीत यंत्रमाग होते, उद्योगाचा दर होता, म्हणून कुणी आलं. पाटपाणींच्या अठ्ठावीस पंपांच्या डीपीला कुठली कंपनी बोली लावेल सांगा.

---

जोबर्गकर | रविवार, रात्री ९:०२

जोहान्सबर्गहून. इथे 'लोडशेडिंग' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही, मला तर अगदी माहेरचा वाटला.

२०२३ मध्ये वर्षातले जेमतेम महिनाभर दिवस सोडले तर रोज वीज जात होती. मार्च २०२४ नंतर जवळजवळ थांबलं. पण मीटरचं दुखणं तेच, किंबहुना मोठं. एस्कॉम ही सरकारी कंपनी वीज बनवते, नगरपालिका ती विकतात आणि एस्कॉमचे पैसे थकवतात. ती थकबाकी ९० अब्ज रँडच्या वर गेलीय. सरकारने २०२३ मध्ये एस्कॉमचं २५४ अब्ज रँडचं कर्ज स्वतःच्या डोक्यावर घ्यायचं ठरवलं. 'उदय' वाचून हसू आलं, वाईट अर्थाने.

भारतात अजून न झालेलं एक इथे झालंय. अंधाराला कंटाळून ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी छतावर पॅनलं आणि घरात बॅटऱ्या बसवल्या. मी पण. दोन-तीन वर्षांत असं खासगी सौर पाच हजार मेगावॅटच्या वर गेलं. म्हणजे वेळेवर आणि जास्त बिल भरणारी गिऱ्हाइकंच कमी झाली. तारा, खांब, ट्रान्सफॉर्मरचा खर्च उरलेल्यांच्या माथी. मग आमच्या शहराने २०२४ मध्ये प्रीपेड मीटरवाल्यांना महिना २०० रँडचा स्थिर आकार लावला, वीज वापरा न वापरा. ओरड झाली. ओरडण्यात मीही होतो, आणि हिशेब मांडल्यावर कळलं की शेजारच्या टाऊनशिपमधली बाई माझ्या तारांचे पैसे भरत होती.

---

फाईलबंद | रविवार, रात्री ११:१०

मी 'मीटर' म्हणून मोकळा झालो होतो, तुम्ही सगळ्यांनी मिळून मीटरच्या दोन्ही बाजू उघड्या केल्यात.

ओतकाम, तुमचं वाक्य आमच्या फायलीत 'नियामक जोखीम' या मथळ्याखाली असतं. आंध्रने २०१९ मध्ये आधीच झालेले सौर-पवन करार महाग आहेत म्हणून पुन्हा दर ठरवायला बोलावलं. उच्च न्यायालयाने शेवटी २०२२ मध्ये कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला, पण तीन वर्षं पैसे कमी आले. त्या काळात आंध्रची फाईल कुणी उघडतसुद्धा नव्हतं. ऊन अनंतपूरला तेवढंच होतं.

कोळशाचंही सांगतो, नाहीतर वाटेल आमच्याकडचे सगळे शहाणेच. २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जा समितीने अडचणीतल्या औष्णिक प्रकल्पांची यादी केली: ३४ प्रकल्प, ४०,१३० मेगावॅट. कुणाला कोळसा नव्हता (२०१४ ला न्यायालयाने खाणींची वाटपं रद्द केली त्यात गेला), कुणाकडे खरेदी करारच नव्हता. करार नसताना कर्ज दिलं कुणी? आमच्यासारख्यांनीच. तेव्हा फाईल मागून उघडायची पद्धत नव्हती. ३३केव्ही म्हणतात तसं, भोक ठाऊक असून लिहिणारे, त्यात आम्हीही.

जोबर्गकर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आपल्याकडे घरांना सोलरसाठी ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, लक्ष्य एक कोटी घरांचं. मी स्वतः बसवलंय. वितरण कंपनीला सोडून जाणार कोण, तर जास्त युनिटं जाळणारे, वरच्या टप्प्यातले. ज्यांच्या बिलातून पाटपाणींचा दर निघतो तेच. मोठे कारखाने मुक्त प्रवेशातून (वितरण कंपनी सोडून दुसरीकडून थेट वीज घेऊन) आधीच बाहेर पडताहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने कायदादुरुस्तीचा मसुदा काढला, त्यात कारखाने आणि रेल्वेवरचा इतरांच्या स्वस्त दराचा हा बोजा पाच वर्षांत काढायचा म्हटलंय, आणि एकाच तारांवरून दोन-तीन कंपन्यांनी वीज विकायची मुभा. ओतकाम खूश होतील. पण बोजा त्यांच्यावरून उतरला की तो कुणीतरी उचलणार: राज्याचं बजेट किंवा पाटपाणी. मोफत विजेचे वर्षाला १४,७६० कोटी राज्य आत्ताच देतंय, तेही वेळेवर पोचले तर. जानेवारी २०२३ चा वीज कर्मचाऱ्यांचा संप आठवत असेल, तो ह्याच, एका भागात दुसऱ्या कंपनीला द्यायच्या समांतर परवान्यावरून झाला होता.

माझा कल कुठे आहे सांगतो. अनुदान द्या, पण आधी द्या आणि मोजून द्या. मीटर लावा, बिल छापा, त्यावर 'शासनाने भरले' लिहा. पाटपाणींच्या डीपीवर मीटर असता तर ३ चे ५ झाले नसते, वायरमनही आला असता. शेतीचे फीडर वेगळे करून त्यांनाच जवळच्या माळावर छोटा सौर प्रकल्प जोडायचा, दिवसा वीज द्यायची, ही राळेगणसिद्धीपासून सुरू झालेली योजना मला सगळ्यांत जास्त पटते. लांबची तार नको, बिबट्या नको. अट एकच, त्या छोट्या प्रकल्पवाल्याला पैसे महिन्याच्या महिन्याला मिळाले पाहिजेत. नाहीतर पुन्हा माझं कपाट.

---

वाचक_मोड | सोमवार, सकाळी ८:१५

समायोजन आकार समजला. बाकी धागा दोनदा वाचावा लागेल. बिल काढून बसलेय: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, समायोजन, त्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. किराणाच्या यादीत तूरडाळीसोबत डाळ वाहून आणायचं भाडंही वेगळं लिहिल्यासारखं.

---

पाटपाणी | सोमवार, सकाळी ८:५०

सगळं वाचलं, चांगलं लिहिता राव तुम्ही लोक. माझ्या सौर पंपाचं राहिलं तेवढं.

---

३३केव्ही | सोमवार, सकाळी १०:०५

माफ करा पाटपाणी, आम्ही देश चालवत बसलो.

पावणेपाच एकराला ५ एचपीच बसतो योजनेत. तो घ्यावा की नाही हे विहिरीवर आहे. मे महिन्यात पाणी किती खोल जातं? आत्ताचं सांगू नका, आत्ता सगळ्यांच्या विहिरी भरलेल्या असतात.

---

पाटपाणी | सोमवार, सकाळी १०:२२

सतराव्या पायरीला. २०१९ ला एकोणिसावी उघडी पडली होती.

---

३३केव्ही | सोमवार, सकाळी १०:४१

पायरी सव्वा फुटाची धरली तर एकवीस फूट, वर काठ वेगळा. मग वर ठेवायचा सरफेस पंप मागू नका, मेमध्ये पाणी ओढणार नाही. पाण्यात बुडवून ठेवायचा पाणबुडी पंप लिहा अर्जात. पॅनलं लावाल तिथे दुपारी तीननंतर आंब्याची सावली येते का तेवढं बघा. नसेल येत तर भरा पैसे, जोडणीची वाट बघू नका. दुरुस्तीची हमी पाच वर्षांची आहे, तो कागद आणि विम्याचा कागद त्यांच्याकडून बसवायच्या दिवशीच घ्या, नंतर फोन लागत नाहीत.

---

पाटपाणी | सोमवार, सकाळी १०:४४

आंबा नाही, चिंच आहे. चारला येते सावली.

---

३३केव्ही | सोमवार, सकाळी १०:५०

चारला चालेल.